फोकस चुकतोय, पण कुठल्या बाजूला?

फोंड्याकडच्या देवळांत लग्नाची कामं करायला येणारी नवी मुलं हमखास म्हणतात, "दादा, लेन्स सॉफ्ट आहे," म्हणजे फोटो धारदार येत नाही. मी उलट विचारतो, फोकस दर वेळी एकाच बाजूला जातो, की कधी पुढे (कॅमेऱ्याकडे), कधी मागे? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

८५ मिमी लेन्स, एफ १.८, नवरी दोन मीटरवर. फुल फ्रेम कॅमेऱ्याला (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) तेव्हा जेमतेम सहा सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. तिने मान हलवली, तुम्ही किंचित झुकलात, की डोळे गेलेच. म्हणून तपासणी माणसावर करायची नाही. खिडकीच्या भरपूर उजेडात छापील खोका कॅमेऱ्यासमोर सरळ ठेवा, शेजारी पट्टी तिरकी, म्हणजे फोकस कुठे पडला ते आकड्यांवर दिसेल. ट्रायपॉड, टायमर, मधला एकच फोकस पॉइंट, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, स्टॅबिलायझेशन बंद. ५० मिमीला दोन-अडीच मीटर अंतर पुरतं. प्रत्येक फ्रेमआधी रिंग हाताने फिरवून फोकस बिघडवा, एकदा अनंताकडे, एकदा जवळ. हे टाळलंत तर निकालावर विश्वास ठेवू नका. शेवटी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, एक फ्रेम घेऊन ताडून पाहा.

सगळ्या फ्रेम एकाच बाजूला चुकल्या आणि लाइव्ह व्ह्यूची नेमकी आली, तर दोष जुळणीचा. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो. लेन्सपासून त्याचं आणि चित्राच्या सेन्सरचं अंतर तंतोतंत जुळलं नाही की असं होतं. निकॉनमध्ये 'एएफ फाइन ट्यून', कॅननमध्ये 'मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट' शोधा. फोकस पुढे पडत असेल तर आकडा अधिककडे न्या. स्वस्त बॉडीत (लेन्सशिवायचा कॅमेरा) ही सोय बहुधा नसते, मग सर्व्हिस सेंटर. मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, चित्राच्याच सेन्सरवर मोजतो, तिथे हा दोष सहसा सापडत नाही.

फ्रेम विखुरलेल्या आल्या तर मेनूला हात लावू नका. गाभाऱ्याजवळचा मंद उजेड, साडीचा सपाट रंग, यावर कॅमेऱ्याला पकडायला काही नसतं. पॉइंट जरीच्या काठावर किंवा पापणीवर ठेवा. आणि आपल्याकडे पावसाळा विसरून चालत नाही. एसी खोलीतून थेट मंडपात आलात की काच धुकते आणि फोकस चाचपडत राहतो. बॅग बंदच ठेवून लेन्सला बाहेरच्या हवेशी जुळू द्या. काचेत टॉर्च मारून बुरशीही पाहा, तिने कॉन्ट्रास्ट घटतो.

ट्यूनचा आकडा वहीत लिहून ठेवा, शेजारी बॉडीचं आणि लेन्सचं नाव. भाड्याच्या बॉडीवर तो लागू पडत नाही.