यीस्ट द्यायचंय? आधी रवंथ मोजा

ऊन तापलं की दुधाचं फॅट पडतं आणि कुणीतरी यीस्टचं (पाव फुगवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचं) पाकीट गाईसाठी सुचवतं. सुचवणाऱ्याचं अगदीच चुकत नाही, पण पाकीट फोडण्याआधी भर दुपारी पंधरा मिनिटं गोठ्यात बसा. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. मग एकच गाय धरा. घास घशातून वर आला की परत गिळेपर्यंत ती किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठ वेळा चावत असेल तर ठीक. चाळिशीच्या आत उरकत असेल आणि शेणही पातळ, बुडबुडेदार पडत असेल, तर कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पहिल्या कप्प्यात, आम्ल वाढतंय असं धरून चाला.

उन्हाळ्यातच हे का होतं? धापा टाकणारी गाय दिवसभर वैरणीला तोंड लावत नाही आणि गारवा पडला की खुराकावर तुटून पडते. चांगली दुभती गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते, आणि त्या लाळेतला सोडाच पोटातलं आम्ल मारतो. धाप लागली की लाळ तोंडावाटे गळून जाते, वर रवंथही कमी. कोटीपोटाचा सामू (pH, कमी म्हणजे जास्त आम्ल) बराच वेळ 6 च्या खाली राहिला की तंतू पचवणारे जिवाणू सुस्तावतात. फॅट पडतं ते इथे.

यीस्ट स्वतः चारा पचवत नाही. चाऱ्यापाण्याबरोबर पोटात गेलेला थोडा ऑक्सिजन ते वापरून टाकतं. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना तो सोसत नाही. लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही यीस्टमुळे जोर येतो. पण कोटीपोटात यीस्टचं बस्तान बसत नाही, ते शेणावाटे निघून जातं. म्हणून रोज द्यावं लागतं. फॅट पडलं की चार दिवस द्यायचं आणि मग विसरायचं, यात पैसे वाया जातात.

घेताना जिवंत यीस्टच आहे ना, हे बघा. यीस्टच्या पेशीभित्तिकेचं (पेशीच्या नुसत्या आवरणाचं) उत्पादन वेगळं, त्याचं कामही वेगळं. पाकिटावर एका ग्रॅममध्ये किती जिवंत पेशी ते छापलेलं असतं. दोन पाकिटांची तुलना त्या आकड्यावर करा, वजनावर नको. मात्राही पाकिटावरचीच धरा. एका उन्हाळ्यात मी उघडं पाकीट पत्र्याखालच्या फळीवर ठेवलं होतं. पंधरवड्यात त्याचे खडे झाले, तरी मी ते महिनाभर चारत राहिलो. फरक काय पडणार! सावलीत, कोरड्या जागी, तोंड घट्ट बांधून ठेवा. शिजवलेलं आंबोण हाताला कोमट लागेपर्यंत त्यात यीस्ट मिसळू नका.

खुराक एकदम ओतत असाल तर यीस्ट बिचारं काय करणार? आधी वैरण, मग खुराक. दिवसाचा खुराक तीन-चार वेळा विभागून द्या. मोठा वाटा पहाटे आणि रात्री. कुट्टी अगदी भुग्यासारखी नको, थोडी लांब राहू द्या. पाणी सावलीत आणि भरपूर. जास्त दूध देणाऱ्या गाईला खाण्याचा सोडा दिवसाला 100 ते 150 ग्रॅम, खुराकात मिसळून. सोडा आम्ल मारतो, यीस्ट ते साठू नये म्हणून मदत करतं. एकामुळे दुसरं बंद करायची गरज नाही.

गाईने खाणंच सोडलं, रवंथ थांबली, शेणाला आंबूस वास येऊन ते पाण्यासारखं झालं, तर यीस्टची वाट बघू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा.

परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून कडक उन्हाच्या आधीच सुरू करा. सुरू करायच्या दिवशी मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा आणि उरलेले दाणे, लांब काड्या यांचा फोटो काढून ठेवा. तीन आठवड्यांनी त्याच गाईचं शेण पुन्हा धुवा. चाळणीत तेवढेच दाणे आणि फॅटही तेवढंच असेल, तर यीस्ट बंद करा आणि खुराकाच्या वेळा पुन्हा तपासा.