फोटॉनिक्समध्ये यायचंय? आधी डेसिबल घोटा

कलिन्याला एमएस्सी करत होते तेव्हा ऑप्टिक्स म्हणजे मॅक्सवेलची समीकरणं आणि न्यूटन्स रिंग्ज. आता फोटॉनिक्समध्ये, म्हणजे प्रकाशाने माहिती वाहून नेण्याच्या तंत्रात, आहे. ऑप्टिकल मॉड्यूल (विजेचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशाचा विजेत बदलणारे भाग) तपासण्याचं काम करते आणि दिवसभर एकच प्रश्न कानावर पडतो: लॉस किती येतोय, म्हणजे वाटेत प्रकाश किती वाया जातोय?

म्हणून नव्या मुलांना मी आधी डेसिबल (डीबी), म्हणजे हा लॉस मोजायचं माप, घोटायला लावते. ३ डीबी गेले की प्रकाश निम्मा, १० गेले की दहावा हिस्सा, २० गेले की शंभरावा. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला चांगल्या फायबरमध्ये (काचेच्या तंतूत) किलोमीटरमागे साधारण ०.२ डीबी जातात, म्हणजे १०० किलोमीटरवर उरतो जेमतेम एक टक्का. वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्री केबल्समध्ये म्हणूनच ठरावीक अंतरावर प्रकाश पुन्हा वाढवणारे, अर्बियम या मूलद्रव्याचे ॲम्प्लिफायर असतात.

सध्या बोलबाला सिलिकॉन फोटॉनिक्सचा, म्हणजे सिलिकॉनच्या चिपवरच प्रकाशाच्या वाटा कोरण्याचा. एआयच्या डेटा सेंटरमध्ये वेग इतका वाढलाय की तांब्याच्या तारेत सिग्नल थोड्याच अंतरात ढेपाळतो आणि वीजही भरमसाट जाते. मग ऑप्टिक्स थेट स्विचच्या (डेटा इकडून तिकडे वळवणाऱ्या यंत्राच्या) चिपशेजारीच आणून बसवायचं. एनव्हिडियाने २०२५ मध्ये असे स्विच जाहीरही केले. ऐकायला झकास! पण सिलिकॉनमधून प्रकाश धड निघत नाही, लेसर बहुधा इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचा लागतो. शिवाय फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा आणि चिपवरची वेव्हगाइड, म्हणजे प्रकाशाची वाट, जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची. नळाची धार सुईच्या नेढ्यातून घालवण्यासारखंच ते. डीबी तिथेच सांडतात, आणि माझ्या मते कामाला माणसंही तिथेच हवी असतात: पॅकेजिंग, अलाइनमेंट, टेस्टिंग. मुलं मात्र सगळी डिझाइनच्या मागे.

कॉलेजात असाल तर लॅबमध्ये जास्तीत जास्त वेळ काढा. जर्नल पुरं करण्यापुरतं जाऊन भागत नाही. लेसर, लेन्स, फायबर स्वतःच्या हाताने जुळवायला हवेत. पायथन येऊ द्या, मोजमापं सगळी त्यावरच चालतात. कनेक्टर जोडण्याआधी दर वेळी मायक्रोस्कोपखाली बघा, पुसा, पुन्हा बघा. ९ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे धुळीचा कण म्हणजे डोंगर. आणि फायबरच्या तोंडात डोकावू नका. १५५० डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

मुंबईकरांना वाटा जवळच्या आहेत. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत तीव्र, अतिसूक्ष्म स्पंदांच्या लेसरवर काम चालतं (२०१८ चं नोबेल ज्या तंत्राला मिळालं, त्याच घराण्यातलं), आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्हीएसआरपी हा संशोधनाचा उपक्रम असतो. पवईला आयआयटीत जॅम या प्रवेशपरीक्षेतून एमएस्सी करता येते. नॅनोफॅब्रिकेशनची, म्हणजे असल्या अतिसूक्ष्म रचना घडवण्याची, सोय तिथेच आहे. ट्रॉम्बेच्या बीएआरसीतही लेसरचं काम जुनं आहे. पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा आहेतच. त्यावर क्लासवाले भरपूर बोलतात, मी नाही बोलत.

राज्याबाहेर जायची तयारी नसेल तर हिंगोलीकडे लक्ष ठेवा. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. लेसर धावायला ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यातल्या आरशांचा लॉस मोजायचा तो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती!