दक्षिण गोव्यात बेतुल ते आगोंद सायकलने जाताय? मग हे वाचाच

असोळण्याचा पूल ओलांडून बेतुलला आलात की रस्ता सपाटच वाटतो, पण खरा चढ पुढे काब द रामच्या किल्ल्याच्या बाजूला सुरू होतो, म्हणून जोर आधीच संपवू नका. चढ दिसला की पायावर लोड यायच्या आधीच हलका गिअर टाका, मध्येच बदलायला गेलात तर चेन कटकट करत उतरते आणि मग तिथून परत सायकल सुरू करणं म्हणजे जीव जातो. निघा पहाटे साडेपाच-सहाला, बेतुलकडून दक्षिणेला जाताना डोंगर डाव्या हाताला असतात त्यामुळे ऊन उशिरा येतं, समुद्र उजवीकडे. उतारावर जांभ्याची बारीक लाल खडी वळणाच्या कडेला साचलेली असते, तिच्यावर ब्रेक मारू नका, वळणाआधीच स्पीड कमी करून घ्या. पाणी दोन बाटल्या, एकात कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून, मला तरी हेच सगळ्यात मानवतं.

दुसऱ्या दिवशी पाय हलके असतील तर केपे-रिवण करत नेत्रावळीला जा, झाडांची सावली आणि गोपीनाथ मंदिराजवळची बुडबुड्यांची तळी, काठावर शांत बसलं की तळातून बुडबुडे वर येताना दिसतात.

आणि घरी आल्यावर, कितीही दमलात तरी, सायकल गोड्या पाण्याने धुवून चेन फडक्याने कोरडी करून तेल घालाच. खाऱ्या हवेत चेनवर गंज लगेच चढतो.