रीलचा माग काढायचाय? नाव सोडा, नंबर धरा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३१ वर्षं मी छापील नंबर तपासले. निवृत्तीनंतर व्हायोलिनवरची धूळ झटकली, तेवढ्यात डब्लिनच्या भाचीनं ‘मामा, हे वाजवून बघा’ म्हणून ‘टारबोल्टन’ ही आयरिश रील, म्हणजे नाचाची द्रुत चाल, पाठवली. बोटांत बसायला आठवडा लागला. ती ग्रामोफोनच्या तबकडीवर कशी आली, हे शोधण्यात पावसाळा गेला.

आधी चाल पाठ करा. रील आपल्या केरव्यावर मोजता येते: आठ आवर्तनांचा एक भाग, तो दोनदा, मग दुसरा भाग तसाच. ‘टारबोल्टन’मध्ये ई स्वराला सा धरला की सरळ काफी थाट निघतो. पहिल्या दोन आवर्तनांचं सरगम वहीत लिहा आणि त्याचीच इंग्रजी स्वराक्षरं करा. चालींच्या ऑनलाइन संग्रहांत अशा अक्षरांवरून शोधता येतं. नावावरून शोधाल तर फसाल. एका चालीला चार नावं, एका नावाच्या तीन चाली. कुणालाच नाव आठवत नसेल, तर आयरिश मंडळी तिला चक्क ‘बिननावाची’ म्हणून नोंदवतात! शिवाय नाव गावही सांगतं. टारबोल्टन हे स्कॉटलंडमधलं खेडं आहे. म्हणजे जुन्या स्कॉटिश वह्याही चाळायला हव्यात.

छापील पुस्तकांत शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांचा १९०३चा संग्रह आधी उघडा. त्यात १,८५० चाली आहेत. (पोलीसप्रमुख! आमच्याकडे असा एक असता तर लावण्यांच्या चाली वाचल्या असत्या.)

आता तबकड्या. लेबलवर छापलेला असतो तो विक्रीचा नंबर. तीच तबकडी पुन्हा निघाली की तो बदलू शकतो. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला असतो तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा. धरायचा तो हाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्राची जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची फुकट पाहता येते. तिथं वादकाच्या नावावरून हा नंबर आणि बऱ्याचदा मुद्रणाची तारीखही मिळते. अमेरिकन अशासाठी, की त्या काळातले नामांकित आयरिश वादक न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झाले होते. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला व्हायोलिनवादक मायकेल कोलमन त्यांतलाच. १९३४मध्ये डेक्का कंपनीसाठी त्यानं ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ या तीन रील सलग वाजवल्या.

ही सलगता फार कामाची. कोलमनच्या तबकड्या आयर्लंडला परत गेल्या आणि तिथल्या पोरांनी त्या ऐकून घोटल्या. आजही बैठकीत या तिन्ही याच क्रमानं वाजतात. नवं ध्वनिमुद्रण ऐकताना आधी पाहा, ‘टारबोल्टन’नंतर काय येतं. तोच क्रम आला, तर ते घराणं बहुधा कोलमनच्या तबकडीचं.

शेवटी वेग. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तरवरच मुद्रित झाल्या असतील असं नाही, त्यामुळे स्वरांची पट्टी सरकते. व्हायोलिनची मोकळी तार वाजते ती जागा पकडा, आपली तार तिच्याशी जुळवून पाहा आणि किती फरक पडला ते नंबरासमोर लिहून ठेवा. माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे, लाल शाईचा.