नव्या गजाला पहिल्यांदा रोझिन लावताना

व्हायोलिनचा नवा गज, ज्याला बोलताना आपण बो म्हणतो, हाती आल्याबरोबर तारांवर फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. कारण रोझिन, म्हणजे केसांना तारेवर पकड देणारी राळेसारखी वडी, न लागलेले गजाचे घोड्याच्या शेपटीचे केस तारेवरून नुसते घसरत जातात आणि आवाज जवळजवळ निघतच नाही. गजात खोट आहे असे समजून तो दुकानात परत नेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. म्हणून गज घेतानाच त्याला आधी रोझिन लावले आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. लावलेले नसेल, तर पुढची तयारी निवांत अर्धा तास हाताशी ठेवूनच करावी.

रोझिन आधीच आणून ठेवावे. मराठीत त्याला राळ म्हणण्याची पद्धत असली, तरी काष्ठौषधीच्या दुकानात त्या नावाने जी मिळते ती बहुधा धूप-औषधांत वापरली जाणारी शालवृक्षाची राळ असते आणि ती गजाला चालत नाही. आपल्याला हवे ते पाइन वृक्षाच्या चिकापासून टर्पेंटाइनचे तेल काढून घेतल्यावर मागे उरणारे घनद्रव्य. वाद्यांच्या दुकानात ते फिकट आणि गडद अशा दोन रंगांत दिसते. सर्वसाधारणपणे फिकट वडी कडक व कमी चिकट असते, तर गडद वडी मऊ व जास्त चिकट असते, त्यामुळे मुंबई-कोकणासारख्या दमट, उष्ण हवेत नवशिक्याने फिकट वडी घ्यावी असे माझे मत आहे. शिवाय दोन मऊ सुती फडकी लागतील, एक तारांसाठी आणि दुसरे गजाच्या काठीसाठी. ही दोन्ही फडकी वेगळी ठेवणे हा काटेकोरपणाचा अतिरेक वाटेल, पण तारा पुसलेल्या फडक्याने काठी पुसली की तिच्यावर चिकट थर चढू लागतो.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. डोक्याला खोबरेल तेल लावण्याची सवय असलेल्या घरात ही सूचना दोनदा द्यावी लागते. तेलाचे बोट लागले की केसांच्या तेवढ्या पट्ट्यावर रोझिन धरत नाही आणि वाजवताना नेमक्या त्याच जागी आवाज तुटतो. गज नेहमी काठीने आणि मुठीने उचलावा. केस कितीही गुळगुळीत आणि शुभ्र दिसत असले, तरी त्यांवरून बोट फिरवू नये.

त्यानंतर मुठीच्या टोकाचा स्क्रू हळूहळू फिरवून केस ताणावेत. मध्यभागी काठी आणि केस यांच्यात साधारण पेन्सिलीच्या जाडीइतके अंतर राहिले की थांबावे. काठी केसांच्या दिशेने आत वळलेली असते आणि ताणल्यावरही ती थोडी वळलेलीच राहायला हवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे गज बनवणारे कारागीर फ्रान्स्वा तूर्त यांच्या हातून रूढ झालेला हा आकार आहे आणि गजाची लवचीकता त्यावरच अवलंबून असते. काठी सरळ दिसू लागली, तर ताण जास्त झाला असे समजून स्क्रू सैल करावा.

नव्या वडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यामुळे सुरुवातीला तिची भुकटी सुटत नाही. बारीक पॉलिश पेपर एक-दोन वेळा हलक्या हाताने फिरवून तेवढा भाग मंद करावा. मी पहिल्या वडीवर स्वयंपाकघरातली सुरी चालवली आणि तिचे तीन तुकडे झाले. रोझिन ठिसूळ असते, ते फरशीवर पडले तरीही हेच होते.

आता मुख्य काम. वडी डाव्या हातात धरून मुठीपासून टोकापर्यंत केस तिच्यावरून सावकाश, सारख्या दाबाने न्यावेत आणि तसेच परत आणावेत. मुठीजवळच्या धातूच्या पट्टीवर अंगठा ठेवल्यास ती वडीवर आपटत नाही. वडी थोडी थोडी फिरवत राहावी, नाहीतर एकाच जागी खाच पडते. कोऱ्या केसांसाठी असे ३० ते ४० पूर्ण फेरे लागू शकतात. पुढे रोजच्या सरावाला तीन-चार फेरे पुरतात. घाईने मधल्या भागावरच रोझिन घासणाऱ्याला त्याचा हिशेब आलापात कळतो, कारण तिथे एकाच गजात सूर लांबवायचा असतो आणि टोकाजवळ पोहोचताच आवाज विरतो. रोझिनमुळे केस तारेला क्षणभर चिकटून तिला ओढतात आणि ताण वाढताच सोडतात. ४४० हर्ट्झला मिळवलेल्या तारेवर ही धरसोड सेकंदाला ४४० वेळा होते, त्यामुळे केसांवर कुठे थर विरळ असेल तर तो कानाला लगेच जाणवतो.

मग मोकळ्या तारांवर लांब गज ओढून पाहावा. आवाज शिटीसारखा निसटत असेल, तर आणखी पाच-सहा फेरे द्यावेत. खरखर येऊन तारांखाली पांढरी धूळ जमत असेल, तर रोझिन जास्त झाले आहे. तेव्हा काही न लावता वाजवतच राहावे, जास्तीचे आपोआप झडते. रोझिनची धूळ वाद्याच्या लाकडावर पडून राहिल्यास पॉलिशला चिकटते, त्यामुळे वाजवून झाल्यावर ती कोरड्या फडक्यानेच पुसावी. स्पिरिटने पॉलिशच उतरण्याचा धोका असतो.

वाद्य ठेवण्यापूर्वी केस पुन्हा सैल करावेत. पावसाळ्यात दमट हवेने केस लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात, म्हणून स्क्रूचे फेरे मोजून ठरवण्यापेक्षा रोज पेन्सिलीएवढे अंतर डोळ्यांनीच तपासावे. व्हायोलिनची पेटी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये, वडी मऊ होऊन कापडाला चिकटते. पेटी महिनोन्‌महिने बंदही ठेवू नये, कारण केस खाणाऱ्या किडींना अंधारी, न उघडलेली पेटी फार मानवते.