डाउव्हेकाटर करताय? या चुका टाळा

अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला झान नदीकाठी झान्से स्खान्स आहे. लोक तिथे पवनचक्क्यांसमोर फोटो काढतात, चीज चाखतात आणि परततात. तिथल्याच एका सतराव्या शतकातल्या घरात बेकरी संग्रहालय आहे, ‘इन दे खेक्रोंदे डाउव्हेकाटर’. डाउव्हेकाटर म्हणजे त्या भागातला सणाचा गोडसर, लांबट पाव. तो सिंटरक्लासला (म्हणजे डिसेंबरातल्या सेंट निकोलसच्या सणाला), नाताळात, नव्या वर्षाला करतात. नेदरलँड्समधली आपली मंडळी तो पाहून आली की घरी करायला घेतात आणि मग बिघडला म्हणून हळहळतात. बहुतेकांचं बिनसतं ते लादीपावासारखा मऊ, हलका करायच्या नादात.

हा पाव मुळातच घट्ट विणीचा असतो. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण २२५ ते २५० मिली दूध, ७५ ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल. पीठ हाताला जड लागलं म्हणून आणखी दूध ओतू नका. सैल पिठाचा पाव भाजताना पसरतो आणि त्यावरची नक्षी पुसली जाते. लोणी सुरुवातीलाच घालू नका, पीठ थोडं मळून झाल्यावर घाला. लिंबाची फक्त पिवळी साल किसायची, खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच.

साखर-लोण्यामुळे पीठ सावकाश फुगतं. डिसेंबरात तिथल्या गार स्वयंपाकघरात ‘तासभर ठेवा’ या सूचनेला काही अर्थ नाही, पीठ दुप्पट होईपर्यंत थांबा. पुण्यात मे महिन्यात करत असाल तर उलट लक्ष ठेवावं लागेल. आकार दिल्यावर मात्र फार फुगू देऊ नका, नाहीतर चिरा पाडताना पाव बसतो.

खरी मजा नक्षीत आहे, आणि सर्वात जास्त गोंधळही तिथेच होतो. लोक आधी चिरा पाडतात आणि वरून अंडं फासतात. अंडं चिरांत उतरतं, त्या चिकटतात आणि सगळा पाव एकसारखा तपकिरी होतो. आधी अंडं लावा, ते जरा सुकू द्या, मग धारदार ब्लेडने चिरा पाडा. चकचकीत तपकिरी कवचावर फिकट रेषा उठून दिसतात. अंडं चालत नसेल तर दूध लावा, चकाकी कमी येईल एवढंच. दोन्ही टोकं उभी चिरून बाहेर वळवतात, ती वळणं पातळ असल्याने आधी करपतात. १८० अंशांवर वीस मिनिटं झाली की त्यांवर फॉइल टाका आणि आणखी पंधराएक मिनिटं भाजा.

मनुके, बदामाचा गोळा, पिठीसाखर यांतलं काही घालू नका. ते सगळं केर्स्टस्टोलचं, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या पावाचं. डच चित्रकार यान स्टीनच्या सेंट निकोलसच्या सणाच्या चित्रात (१६६५ ते १६६८, अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम) टेकवून ठेवलेला भलामोठा पाव दिसतो, तो डाउव्हेकाटर. आकार कसा द्यावा हे कळत नसेल तर पाककृतींच्या व्हिडिओंपेक्षा ते चित्र बघा, असं माझं मत.

ओव्हनमधून काढल्या काढल्या सुरी लावू नका, गरम पाव चुरगळतो. पूर्ण गार झाला की पातळ काप करून लोणी लावून खा. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो.