केप मेला जायचंय? नाशिककरांसाठी थोडं घरगुती गाईड

लेक नाहीतर मुलगा न्यूजर्सीत असला की नाशिकहून गेलेल्या आईबाबांचं ठरलेलं असतं, न्यूयॉर्क, पुतळा, नायगरा आणि मग उरलेले दिवस तिथल्या एडिसन गावातल्या घराच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजायच्या. आम्ही दुसऱ्या खेपेला हट्टाने केप मे बघितलं. न्यूजर्सीच्या अगदी खालच्या टोकाचं समुद्रकाठचं गाव, जुन्या व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या घरांचं.

जायला सोप्पं आहे. गार्डन स्टेट पार्कवे हा हायवे धरायचा आणि संपेपर्यंत सोडायचा नाही. एक्झिटचे नंबर मैलांप्रमाणे असतात, एडिसनकडून आपण १३० च्या आसपास चढतो आणि गाव येतं शून्यावर, त्यामुळे नातवंडं उलटी मोजणी करत गप्प बसतात. म्हणजे साधारण २१० किलोमीटर, आपलं नाशिक-पुणेच की. फक्त तिकडच्या उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी निघू नका, चाकणची आठवण येईल. जमलं तर सप्टेंबरात जा, गर्दी ओसरलेली, पाणी अजून कोमट आणि दक्षिणेकडे निघालेले पक्षी नि मोनार्क फुलपाखरं फुकटात दिसतात. मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात ह्या सीझनमध्ये गावाच्या बीचवर १२ वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना बीच टॅग विकत घ्यावा लागतो, वाळूत बसायलाही! ह्यांना ते पटलंच नाही, गोदावरीवर कधी तिकीट काढलंय का म्हणे.

आता घरं. १८७८ च्या नोव्हेंबरात मोठी आग लागली आणि गावातली ३५ एकर वस्ती गेली, मोठमोठी लाकडी हॉटेलं राख झाली. मग पुन्हा बांधताना बरीच छोटी छोटी घरं उठली, म्हणून आज अशा सहाशेच्या आसपास इमारती एका गावात बघायला मिळतात आणि १९७६ पासून अख्खं गावच राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर आहे. गाडीतून बघू नका हो. गाडी एकदाच लावा, मीटरमध्ये पैसे भरा (आम्ही वीस मिनिटं उशीर केला तर काचेवर दंडाची चिठ्ठी) आणि ह्यूज स्ट्रीट, कोलंबिया अव्हेन्यू, जॅक्सन स्ट्रीट पायी फिरा.

काय बघायचं तर ओसरी. प्रत्येक घराला पुढे ओसरी, तिच्यावर झुलत्या खुर्च्या आणि छताच्या कडेला लाकडाची झालर, तिला तिकडे जिंजरब्रेड म्हणतात. मी आपली लहानपणी जुन्या नाशकात वाड्याचे कोरीव खांब पुसत मोठी झालेली, त्यामुळे आधी जवळ जाऊन नक्षीच बघितली. आपल्याकडे सुताराने छिन्नीने एकेक पाकळी काढलेली असते, एका खांबाचं फूल दुसऱ्याशी जुळत नाही. इथे मशीनच्या करवतीने फळी कापलेली, म्हणून नक्षी आरपार आणि शंभर तुकडे एकसारखे. पण रंग! गुलाबी भिंत, हिरवी चौकट, त्यावर पिवळी रेघ. घरात लोक राहतात बरं का, फोटो फुटपाथवरूनच काढा.

आतून बघायचं असेल तर वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं एम्लेन फिजिक यांचं १८७९ चं घर, गाईड घेऊन दाखवतात. हा माणूस डॉक्टर झाला पण प्रॅक्टिस कधी केलीच नाही. धुरांडी वर मोठी खाली बारीक, उलटी बसवल्यासारखी. १९७० मध्ये हे पाडायला निघाले होते, गावातले लोक आडवे आले म्हणून वाचलं. आमच्या गल्लीतल्या वाड्याला कोणी आडवं आलं नाही, तिथे आता पार्किंग आहे. जाऊ दे.

राहायचं तर ह्यातल्याच एखाद्या घरात, बरीच घरं आता बेड अँड ब्रेकफास्ट आहेत, पण सीझनमध्ये वीकेंडला बहुतेक ठिकाणी फक्त एका रात्रीसाठी खोली देत नाहीत आणि जिना उभा असतो, गुडघे दुखत असतील तर खालची खोली आधीच मागा. नाश्त्यात अंडं नको असेल तर तेही बुकिंग करतानाच सांगा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली, दुपार निघाली.

दीपगृह १८५९ चं, १९९ पायऱ्या, लोखंडी आणि गोल गोल. सप्तशृंगी चढलेल्याला काही नाही, पण गरगरतं त्यांनी खालीच बसावं.

संध्याकाळ मात्र सनसेट बीचसाठी ठेवा. पूर्व किनाऱ्यावर असून इथे सूर्य पाण्यात बुडतो कारण समोर डेलावेअरची खाडी आहे. पाण्यात काँक्रीटच्या जहाजाचे अवशेष दिसतात, ॲटलांटस, १९२६ ला येऊन रुतलं ते रुतलंच. आणि वाळूत ते केप मे डायमंड, म्हणजे गारगोटीचे गुळगुळीत खडे, सगळे वाकून वेचत असतात. मीही मूठभर आणले, घरी येऊन बघते तर सगळे पांढरट, मेलेले. ओले असतानाच चमकतात ते, काचेच्या वाटीत पाणी घालून ठेवा.